‘मान्यताप्राप्त’ म्हणजे नेमकं कुणाला मान्य?

मामाच्या पोल्ट्रीवर खाद्याचा ट्रक आला की एक ठरलेला कार्यक्रम होतो. पहिलं पोतं उसवायचं, मामा त्यात कोपरापर्यंत हात घालणार, तळातलं मूठभर खाद्य वर काढणार आणि नाकाशी नेणार. खवट वास आला तर पोतं परत. यासाठी त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यात आई खोबऱ्याच्या डब्याचं आणि दाण्याच्या कुटाचं जे करते, तेच हे.

गेल्या खेपेला मी त्या पोत्यांवर बसून होतो. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचत बसलो. प्रथिनं इतके टक्के, ओलावा इतका, तंतू इतके. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात दोन शब्द: ‘मान्यताप्राप्त अँटिऑक्सिडंट’. नाव नाही, प्रमाण नाही.

“मामा, हे काय असतं?”

“असतं काहीतरी, खवट होऊ नये म्हणून. सरकारमान्य असणार. त्याशिवाय घालतील का?”

हा लेख मामाच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. ‘त्याशिवाय घालतील का?’ या प्रश्नाचं उत्तर आहे: घालतात. वर्षानुवर्षं घालतात, आणि पुरेसा पुरावा होता की नाही याचा हिशेब खूप नंतर मागितला जातो. हे बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच रसायन घेऊ, ज्याची कुंडली बऱ्यापैकी उघड आहे. त्याचं नाव इथॉक्सिक्विन.

खवटपणा आणि आग

आधी या रसायनाची बाजू नीट मांडतो. ती न मांडता शिव्या घालणं सोपं आहे, पण त्यातून काही निष्पन्न होत नाही.

तेल किंवा चरबी हवेत राहिली की तिचे रेणू ऑक्सिजनशी जोडले जातात. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. या साखळीचं नाव खवटपणा. इथॉक्सिक्विनसारखं अँटिऑक्सिडंट या साखळीत मध्ये उभं राहतं आणि स्वतः बिघडून तेलाला वाचवतं. खवट खाद्यातलं अ आणि ई जीवनसत्त्व नासतं, आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं की कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूला इजा होते, ती लटपटतात, मान वाकडी होते. म्हणजे अँटिऑक्सिडंट ही नुसती कंपन्यांची चैन नाही.

फिशमीलच्या बाबतीत तर प्रकरण वासापुरतंही उरत नाही. मासे शिजवून, तेल पिळून, वाळवून, दळून केलेली भुकटी म्हणजे फिशमील. जगात सर्वाधिक फिशमील निर्यात करणारा देश पेरू, तिथल्या अँकोवेटा नावाच्या बोटभर माशापासून. सर्वात मोठा गिऱ्हाईक चीन. आपल्याकडे कोकण, गोवा, कर्नाटकच्या किनाऱ्यावर तारलीसारख्या माशांचंही फिशमील होतं. या भुकटीत राहिलेलं माशाचं तेल हवेशी इतक्या जोरात प्रक्रिया करतं की भुकटी आपोआप तापते. जहाजाच्या बंद पोटात, हजारो पोत्यांच्या ढिगात ती उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि भुकटी पेट घेते. काडी ओढायला कुणी लागत नाही.

म्हणून समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत फिशमील धोकादायक मालात मोडतं. कित्येक वर्षं नियम असा होता: भुकटी तयार करतानाच एका किलोत ४०० ते १००० मिलिग्रॅम इथॉक्सिक्विन घाला, किंवा त्याहून जास्त प्रमाणात बीएचटी नावाचं दुसरं अँटिऑक्सिडंट, आणि माल चढवताना त्यातलं किमान १०० मिलिग्रॅम शिल्लक असलं पाहिजे. इथॉक्सिक्विन स्वस्त आणि परिणामकारक, त्यामुळे तेच चाललं. खलाशांचा जीव वाचवणारं हे रसायन आहे, यात शंका नाही.

आता दुसरी बाजू.

रबरापासून कोंबडीपर्यंत

इथॉक्सिक्विन मुळात खाण्यासाठी बनलंच नव्हतं. रबर हवेत राहून चिरू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या घराण्यातलं ते. मोन्सॅन्टो कंपनीने १९५० च्या दशकात ते पशुखाद्यासाठी पुढे आणलं. हवेमुळे रबर खराब होतं तसंच वाळवलेल्या चाऱ्यातलं जीवनसत्त्वही खराब होतं, म्हणजे इलाजही तोच चालेल, असा साधा तर्क. अमेरिकेत खाद्यात १५० पीपीएमपर्यंत, म्हणजे किलोमागे १५० मिलिग्रॅम, परवानगी मिळाली. सफरचंद आणि नाशपाती शीतगृहात काळी पडू नयेत म्हणून फळांवर ते वापरलं गेलं. अमेरिकेच्या नियमात तर माणसाच्या खाण्यातल्या मिरचीपुडीचा आणि पॅप्रिकाचा रंग टिकवण्यासाठीही १०० पीपीएमपर्यंत मुभा आहे.

मोन्सॅन्टोचं नाव वाचून काहींचा अंगठा आत्ताच शेअरच्या बटणाकडे गेला असेल. थांबा. एखादी गोष्ट कोणी बनवली यावरून ती विष ठरत नाही आणि अमृतही ठरत नाही. प्रश्न एवढाच आहे की ती ताटापर्यंत पोचण्याआधी कोणी काय तपासलं.

१९८८ पासून अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे कुत्रे पाळणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या: यकृताचे, त्वचेचे, प्रजननाचे त्रास. तक्रार म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण कुत्र्याचा विचार करा. ब्रॉयलर कोंबडी काही आठवडे जगते, कुत्रा बारा-चौदा वर्षं, आणि रोज तेच पाकीट खातो. खाद्यातल्या पदार्थाचा दीर्घकाळ परिणाम बघायचा तर हा प्राणी सगळ्यात आधी तपासायला हवा होता. तक्रारींनंतर मोन्सॅन्टोने नवा अभ्यास केला. त्यात कुत्र्यांच्या यकृतात एक रंगद्रव्य साठत असल्याचं आणि यकृताची काही एन्झाइम्स वाढल्याचं दिसलं. मग १९९७ मध्ये प्रशासनाने कुत्र्यांच्या खाद्यातली मर्यादा १५० वरून ७५ पीपीएम करावी, अशी उत्पादकांना विनंती केली.

हो, विनंती. स्वेच्छेने करा, असं सांगितलं. कायद्यातला आकडा १५० च राहिला.

इथे क्रम लक्षात घ्या. आधी परवानगी, मग तीसेक वर्षं विक्री, मग गिऱ्हाइकांच्या तक्रारी, मग अभ्यास, आणि शेवटी विनंती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि हे घोडंही गिऱ्हाइकांनी ओरडा केला म्हणून निघालं.

युरोपची अर्धी फाइल

युरोपात इथॉक्सिक्विनला ‘ई ३२४’ असा क्रमांक होता. १९७० च्या एका युरोपीय निर्देशाखाली त्याला परवानगी मिळालेली होती, तीही मुदतीशिवाय. गाडी चालवायचं लायसन्ससुद्धा आपल्याला ठरावीक वर्षांनी नवं करावं लागतं. पण कोट्यवधी जनावरांच्या पोटात रोज जाणाऱ्या रसायनाचा परवाना तहहयात.

२००३ मध्ये युरोपीय संघाने कायदा बदलला: जुन्या सगळ्या पशुखाद्य-पूरकांची नव्याने तपासणी होईल, ज्यांना विकायचं आहे त्यांनी पुरावे घेऊन यावं. इथॉक्सिक्विनचं प्रकरण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेकडे गेलं आणि २०१५ मध्ये तिचं मत आलं. ते मत ‘सुरक्षित’ असं नव्हतं आणि ‘घातक’ असंही नव्हतं. ते होतं: ठरवता येत नाही. जनावरांसाठी, ते खाणाऱ्या माणसांसाठी, पर्यावरणासाठी ते सुरक्षित आहे की नाही हे सांगायला पुरेशी माहितीच दिलेली नाही.

हे पुन्हा एकदा वाचा. कित्येक दशकं विकलेल्या मालाची फाइल उघडली आणि त्यात पानंच कमी निघाली.

कुठली पानं? इथॉक्सिक्विन बनवताना पी-फेनेटिडिन नावाचा कच्चा माल लागतो. तो थोडासा तयार मालात अशुद्धी म्हणून उरतो, आणि तो पेशींच्या जनुकांमध्ये बदल घडवू शकतो अशी शंका आहे. हा पी-फेनेटिडिन आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आजी-आजोबांना विचारा, त्यांना ‘एपीसी’च्या गोळ्या आठवतील: अ‍ॅस्पिरिन, फेनासेटिन, कॅफिन. त्यातलं फेनासेटिन याच पी-फेनेटिडिनच्या नात्यातलं. मूत्रपिंडांवरच्या परिणामांमुळे आणि कर्करोगाच्या धोक्यामुळे ते भारतासह अनेक देशांत बंद झालं. शिवाय इथॉक्सिक्विन शरीरात गेल्यावर त्याचे जे तुकडे होतात, त्यांतल्या एकाबद्दलही तशीच शंका होती.

शंका म्हणजे निकाल नाही. पण ती शंका मिटवायला जी माहिती लागत होती, ती गोळा करणं कुणाचं काम होतं? गिऱ्हाइकाचं? कोंबडीचं? की ज्याने दरवर्षी टनावारी माल विकला त्याचं?

२०१७ मध्ये युरोपने परवानगी स्थगित केली. लगेच सगळं थांबलं असं नाही. सवलतीच्या मुदती २०२० पर्यंत चालल्या, त्यातही माशांपासून बनलेल्या मालाला जास्त. अर्जदारांनी अधिक शुद्ध माल आणि जास्तीची माहिती दिली. २०२२ मध्ये संस्थेचं दुसरं मत आलं, आणि ते प्रामाणिकपणे वाचण्यासारखं आहे. इथॉक्सिक्विन स्वतः खाद्यात किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत ठीक दिसतं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे मूळ रसायनाची बरीचशी सुटका झाली. पण त्या पी-फेनेटिडिनमुळे दीर्घायुषी आणि प्रजननासाठी पाळलेल्या जनावरांसाठी सुरक्षित पातळी सांगता येत नाही. आणि मांसात, अंड्यात तो किती उरतो याची माहिती अजूनही नाही, म्हणून खाणाऱ्या माणसाबद्दलही निष्कर्ष काढता येत नाही. त्याच वर्षी परवानगी कायमची नाकारली गेली.

म्हणजे २०१५ मध्ये जे पान कमी होतं, त्यातलं एक २०२२ मध्येही कमीच होतं. युरोपने इथॉक्सिक्विनला ‘विष’ ठरवलं असं सांगणारे फॉरवर्ड खोटे आहेत. आणि ‘काहीच सिद्ध झालं नाही, उगाच बंदी घातली’ असं म्हणणारे अर्धसत्य सांगतात. काहीच सिद्ध झालं नाही हे खरं. पण सिद्ध करणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते केलं नाही, हेही तितकंच खरं.

कोळंबीवाल्याचा काय गुन्हा?

इथवर गोष्ट ऐकून वाटेल, चला, उशिरा का होईना, व्यवस्थेने काम केलं. पण या उशिराची किंमत कोणीतरी मोजतं. कोण मोजतं ते बघायला युरोपातून जपानला जाऊ.

जपानचा नियम असा: अन्नात कुठल्या रसायनाचा किती अंश चालेल याची यादी आहे. ज्या पदार्थासाठी यादीत आकडाच नाही, तिथे सरसकट ०.०१ पीपीएम लागू. २००६ पासूनची ही पद्धत. ०.०१ पीपीएम म्हणजे एक टन मालात दहा मिलिग्रॅम. इथॉक्सिक्विनसाठी माशांना जपानमध्ये १ पीपीएमची मुभा होती. कोळंबीसाठी आकडा ठरवलेलाच नव्हता. म्हणून कोळंबीला ०.०१. एकाच देशात, एकाच दुकानात, एकाच फ्रीजरमध्ये माशाला जे चालतं त्याच्या शंभरावा भाग कोळंबीला. यामागे कोळंबी जास्त घातक असते असा शोध नव्हता. यादीत एक रकाना रिकामा होता, इतकंच.

२०१२ मध्ये जपानने आधी व्हिएतनामच्या आणि मग भारताच्या कोळंबीची इथॉक्सिक्विनसाठी तपासणी सुरू केली. खेपा अडकल्या, चाचण्यांचा खर्च वाढला, भाव पडले.

आता ते रसायन कोळंबीत आलं कुठून? आंध्रच्या किनाऱ्यावर तळं खणून वनामी कोळंबी वाढवणाऱ्या शेतकऱ्याने ते विकत आणून तळ्यात ओतलं नव्हतं. त्याने खाद्याची पोती घेतली. त्या खाद्यात फिशमील होतं. आणि फिशमीलमध्ये इथॉक्सिक्विन होतं, कारण जहाज पेटू नये म्हणून नियमानेच ते, किंवा त्याचा महागडा पर्याय, घालायला सांगितलं होतं. एका बंदरात जे असल्याशिवाय पोतं जहाजावर चढत नाही, तेच दुसऱ्या बंदरात सापडलं म्हणून कोळंबी जहाजावरून उतरत नाही! मधल्या मध्ये शेतकरी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ही म्हण आपण गमतीने वापरतो. इथे आग खरी होती, आणि पाणी मात्र ज्याच्या घरी आग नव्हती त्याच्यावर मारलं गेलं.

व्हिएतनाम आणि भारताने हरकत घेतली, आणि २०१४ च्या सुरुवातीला जपानने कोळंबीसाठी मर्यादा ०.२ पीपीएम केली. म्हणजे वीसपट सैल. अंश तपासून आकडा बसवला की तो ०.२ निघाला, तोवर दीड-दोन वर्षं ०.०१ च्या नावाखाली माणसं भरडली गेली. त्या काळात ज्याने तळं विकलं किंवा कर्ज काढलं, त्याला नवा आकडा काय कामाचा?

‘बघा, जपानी लोक आपल्याला कसे छळतात’ असा सूर लावायचा मोह इथे होतो. म्हणून आणखी एक गोष्ट. मोन्सॅन्टोचा पशुखाद्य-घटकांचा धंदा १९९१ मध्ये विकला गेला आणि त्यातून नोव्हस ही कंपनी झाली. ‘सॅन्टोक्विन’ या नावाचं इथॉक्सिक्विन पुढे तिच्याकडे आलं. नोव्हस कोणी उभी केली? मित्सुई आणि निप्पॉन सोडा या दोन जपानी कंपन्यांनी. यात काही बेकायदा नाही, आणि आंध्रच्या कोळंबीत याच कंपनीचा माल होता असंही मी म्हणत नाही. पण त्यामुळे ही जपान विरुद्ध भारत अशी लढाई नाही, एवढं कळतं. ज्याच्याकडे रसायनाचा धंदा आहे त्याचं भांडवल कुठल्याही सीमेवर अडत नाही. अडते ती कोळंबी. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच.

‘अहो, पण इतक्याने काय होतं?’

या लेखावर येणारे तीन आक्षेप मला आत्ताच दिसतात.

पहिला: प्रमाण किती क्षुल्लक आहे बघा. बरोबर. आपण गणितच करू. अमेरिकेच्या नियमानुसार अंड्यात ०.५ पीपीएमपर्यंत इथॉक्सिक्विन चालतं. ५५ ग्रॅमच्या अंड्यात ते झालं साधारण ०.०२७ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ बैठकीने ठरवलेली रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेइतकं रसायन असलेली अंडी रोज दहा-अकरा खाल्लीत तर तुम्ही त्या रेषेपर्यंत पोचाल. आमलेट खायला घाबरायचं कारण नाही. उद्यापासून अंडी बंद करा, असं सांगणारा माणूस तुमचं प्रथिन बुडवतोय.

पण हे गणित इथॉक्सिक्विनचं झालं. पी-फेनेटिडिनचं गणित करून दाखवा. करता येत नाही, कारण अंड्यात तो किती उरतो हा आकडाच युरोपच्या संस्थेला मिळाला नाही. ‘इतक्याने काय होतं’ हे ठामपणे म्हणायला आधी ‘इतकं’ म्हणजे किती ते माहीत लागतं. बेरीज करायच्या वहीत एक रकाना कोरा असताना एकूण सांगणाऱ्या वाण्यावर आपण विश्वास ठेवत नाही. इथे का ठेवायचा?

दुसरा आक्षेप: मग नैसर्गिक घाला, ई जीवनसत्त्व घाला. चांगलं आहे. समुद्री नियमांतही पुढे टोकोफेरॉलचा, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या कुटुंबाचा पर्याय आला. पण ते महाग आहे आणि प्रमाण जास्त लागतं. शिवाय ‘नैसर्गिक’ हा शब्द पुराव्याच्या जागी चालत नाही. एरंडाच्या बियांतलं रायसिनही नैसर्गिकच आहे. आणि कृत्रिम म्हणजे परकं, असंही नाही. लहानपणी ज्या कॅम्लिनची कंपासपेटी आपण दप्तरात नेली, त्याच घराण्यातून निघालेली कॅम्लिन फाइन सायन्सेस ही कंपनी बीएचए आणि टीबीएचक्यू ही कृत्रिम अँटिऑक्सिडंट्स बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. आपल्या तारापूरला तिचा कारखाना आहे. मला त्याची लाज वाटत नाही. माझी मागणी प्रत्येकाकडून एकच आहे, माल विदेशी असो की तारापूरचा, प्रयोगशाळेतला असो की झाडाचा: पुरावा आधी, विक्री नंतर.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: एवढे पुरावे मागत बसलात तर अंडं महाग होईल, आणि त्याचा फटका गरिबालाच बसेल. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. मामाच्या अंड्यामागचा नफा पैशांत मोजावा लागतो, रुपयांत नाही. पण गेल्या काही दशकांत पुरावे न मागितल्यामुळे जी किंमत मोजली गेली, ती कुठल्या वहीत लिहायची? अडकलेल्या खेपा, घाईघाईने बदललेली सूत्रं, बुडालेली तळी. पुरावा गोळा करायचा खर्च एकदाच होतो आणि तो करण्याची ऐपत रसायन बनवणाऱ्याकडे असते. पुरावा नसण्याचा खर्च पुन्हा पुन्हा होतो आणि तो खाली घरंगळत जाऊन सगळ्यात शेवटच्या माणसाच्या अंगावर पडतो. स्वस्त अंड्याच्या नावाखाली आपण मोठ्यांचा खर्च छोट्यांच्या खात्यात मांडतोय.

दोन ताटं

परदेशी जाणाऱ्या आपल्या कोळंबीसाठी एक अख्खी यंत्रणा आहे. राष्ट्रीय अवशेष नियंत्रण योजनेखाली तळ्यांवरून नमुने घेतले जातात, प्रयोगशाळांत तपासले जातात, नोंदी ठेवल्या जातात. ही योजना चांगलीच आहे. पण ती उभी राहिली ती बाहेरच्या गिऱ्हाइकाने, विशेषतः युरोपने, दारात उभं राहून मागितली म्हणून. ब्रसेल्समधला माणूस विचारतो: तुमच्या कोळंबीने काय खाल्लं? आपल्याला उत्तर द्यावं लागतं.

आपल्या नाक्यावरच्या दुकानात अंड्यांचा ट्रे घेताना कोंबडीने काय खाल्लं हे कुठे लिहिलेलं असतं? ब्रॉयलर घेताना? कुत्र्याच्या खाद्याच्या पाकिटावर मोठ्ठं सॅमनचं चित्र असतं. ते फिशमील कारखान्यात येण्याआधीच कशाने टिकवलेलं होतं, ते असतं? पाकीट बनवणारा म्हणेल, ‘आम्ही काही घातलं नाही.’ आणि ते खरंही असेल, कारण घालणाऱ्याने ते आधीच घातलं होतं.

आपलं ताट कमी महत्त्वाचं म्हणून असं होत नाही. असं होतं कारण आपण विचारत नाही. नियम हे विचारणाऱ्याचं रक्षण करतात. या सगळ्या गोष्टीचं सार काढायचं तर एवढंच निघतं. कुत्रेवाल्यांनी विचारलं, तेव्हा अभ्यास झाला. युरोपने विचारलं, तेव्हा फाइल उघडली. निर्यातदारांनी विचारलं, तेव्हा जपानचा आकडा बदलला. प्रत्येक वेळी विज्ञान तेच होतं, फक्त त्याला कामाला लावणारा कोणीतरी पुढे आला.

म्हणून मागण्या साध्या आहेत, आणि त्या एका रसायनापुरत्या नाहीत.

एक, पशुखाद्यातल्या कुठल्याही पूरकाला तहहयात परवानगी नको. दहा वर्षांनी फाइल पुन्हा उघडा. युरोपात आता पूरकांना दहा वर्षांचीच मुदत मिळते, म्हणजे हे अशक्य नाही.

दोन, चिठ्ठीवर नाव आणि प्रमाण. ‘मान्यताप्राप्त’ हे नाव नव्हे, ते विशेषण आहे. कच्च्या मालातून आलेलं असेल तर तेही लिहा.

तीन, सुरक्षेच्या अभ्यासांची माहिती सार्वजनिक करा. ज्या अभ्यासाच्या जोरावर माझ्या ताटात काही येतं, तो अभ्यास कंपनीच्या कपाटात कुलपात राहू शकत नाही.

चार, एखादं पूरक पुराव्याअभावी बंद झालं, तर त्या बदलाचा भार ज्याने ते विकलं त्याने उचलावा. ज्याने अजाणता पोतं विकत घेतलं त्याने नाही.

यातलं पहिलं, तिसरं आणि चौथं सरकारने करायचं आहे. दुसरं मात्र आजपासून तुम्हीही सुरू करू शकता. पाकिटावर ग्राहकसेवेचा नंबर असतो. फोन करा, मेल टाका, एकच प्रश्न विचारा: यात कोणतं अँटिऑक्सिडंट आहे आणि किती? उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तरच आहे, आणि ते सगळ्यांना दाखवण्यासारखं आहे.

मी मामाला हे सगळं सांगितलं. पेरू, जपान, युरोप, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं, मग पोत्याची ती चिठ्ठी दोरा तोडून काढली आणि खिशात ठेवली.

“पुढच्या गुरुवारी डीलर येईल,” तो म्हणाला. “माझं नाक फक्त खवट ओळखतं. बाकीचं त्यालाच विचारतो.”